हिरूकाकीच्या खळ्यावरची शाळा

एका मास्तरानं एकाच वेळी बिगरी ते चौथी असे पाच वर्ग कसे सांभाळायचे, हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवत असतील. मी तिथं गेलो नव्हतो. व्हर्नाक्युलर फायनल पास झालो आणि एकोणिसाव्या वर्षी मास्तर होऊन बसलो. त्यामुळे ती युक्ती मला माझी मीच शोधावी लागली, आणि माझा अंदाज आहे की एकशिक्षकी शाळा चालवणाऱ्या प्रत्येकानं तीच शोधली असणार. चौथीला गणित घालायचं. तिसरीला शुद्धलेखन. दुसरीला मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचे. पहिली चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलाच्या ताब्यात द्यायची आणि बिगरीपुढे मूठभर चिंचोके टाकायचे. चौथीचं गणित अवघड हवं. सोपं घातलं तर पाच मिनिटांत चार पाट्या नाकासमोर येतात आणि मास्तर मेला. दुसरीच्या पाढ्यांचा आवाज हा पिठाच्या गिरणीच्या घरघरीसारखा. तो चालू असेतो सारं आलबेल, थांबला की वळून बघायचं.

पुढं छत्तीस वर्षं मी याच दोन तालुक्यांत, कर्जत आणि खालापुरात, मास्तरकी केली. किती शाळा झाल्या, कुठं बढती मिळाली, हे सांगत बसलो तर वाचणाऱ्याला जांभई येईल. मला सांगायचंय ते पहिल्या शाळेबद्दल. तिथं मी जे शिकवलं त्यापेक्षा शिकलो जास्त, आणि जे शिकलो त्यातलं थोडं लाज वाटण्यासारखंही आहे.

साळवट हे डोंगराच्या पायथ्याचं साठ-सत्तर घरांचं गाव. कर्जतेहून सात मैल, सगळी पायवाट. आमचं घर कर्जतेला लागून असलेल्या भिसेगावात. वडील शिंपीकाम करत. मी सोमवारी पहाटे निघायचो आणि शनिवारी दुपारी परतायचो. महायुद्धाची वर्षं होती. कागद मिळत नव्हता, पण आमच्या शाळेला त्याची झळ फारशी लागली नाही, कारण आमच्याकडे कागद आधीही नव्हता. शाळा भरायची बहिरोबाच्या देवळात, सभामंडपात. सामान म्हणजे एक फळा, एक खुर्ची जिचा चौथा पाय दगडाचा होता, आणि हिंदुस्थानचा एक नकाशा.

मी स्वतः शिकलो होतो कर्जतेच्या एका मोठ्या शाळेत. तिथं बाकं होती, पितळी घंटा होती, कपाटात पृथ्वीचा गोल होता आणि सात मास्तर होते. चौथीची परीक्षा मात्र दोन्ही शाळांना एकच. प्रश्नपत्रिका तीच, मार्कही तेच. नापास झालेल्या साळवटच्या पोराला गाव म्हणायचं, डोक्यात दगड भरलेत. मीही एकदा असं म्हणालो असेन.

पटावर एकतीस मुलं होती. सत्तावीस सभामंडपात बसायची आणि चार बाहेर, पायरीच्या खाली. त्या चौघांच्या वस्तीला तेव्हा महारवाडा म्हणत. शाळेत भेदभाव करू नये असा सरकारी हुकूम होताच. हुकूम फायलीत होता, मुलं पायरीखाली होती. फळा आतल्या खांबाला टेकवलेला, त्याची जेमतेम एक कड त्यांना दिसे. आधीच्या मास्तरांनी घालून दिलेली रीत अशी, की त्या मुलांनी पाटी पायरीवर ठेवायची, जरा पुढं सरकवायची आणि मागं व्हायचं. मग मास्तरांनी उभ्यानंच बघायचं आणि चूक असेल तर छडीच्या टोकानं दाखवायची. मी आलो, रीत बघितली आणि तशीच चालू ठेवली. पहिले सात महिने. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नवा होतो, गावाला दुखवायचं नव्हतं, एवढंच. आज नातवंडांना हे सांगताना मी 'त्या काळी तसं होतं' असं म्हणतो, पण छडी माझ्याच हातात होती हे मला पक्कं माहीत आहे.

त्या चौघांतली थोरली तुळशी. चौथीत होती, अकरा वर्षांची असेल. तिचा बाप राघो रेल्वेच्या गँगमध्ये होता. रूळ तपासत रोज काही मैल चालायचं आणि कुठं खिळा ढिला दिसला तर ठोकायचा, हे त्याचं काम. आठवड्याच्या सुट्टीला तो घरी यायचा. बोलायला कमी, पण पोरीनं शिकायचं याबद्दल त्याच्या मनात कसलीच शंका नव्हती.

पौष महिन्यातली गोष्ट. मी चौथीला नद्या शिकवत होतो. तुळशीला विचारलं, नर्मदा सांग. तिनं पायरीखालून घडाघडा म्हणून दाखवलं, उगम अमरकंटकला, भडोचजवळ समुद्राला मिळते. एक अक्षर चुकलं नाही. मी खूश झालो आणि सवयीनं म्हणालो, "शाब्बास. आता नकाशात दाखव."

तुळशी जागची हलली नाही.

"गुरजी," ती म्हणाली, "मी नकाशा बगितलाच नाय."

घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात म्हणाली. रडणं नाही, तक्रार नाही. चौथीचं वर्ष संपत आलं होतं आणि पोरीनं बावीस नद्या पाठ केल्या होत्या, त्यांतली एकही न बघता. नकाशा गाभाऱ्याशेजारच्या भिंतीवर होता. तिथवर तिची नजर पोचणं शक्यच नव्हतं, आणि हे सात महिन्यांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी उठलो, खुंटीवरचा नकाशा काढला आणि पायरीवर आणून पसरला. चौघंही वाकून बघायला लागली. आतली सत्तावीस पोरंही बाहेर धावली, कारण वर्ग सोडून बाहेर पळायला पोरांना निमित्त लागतं. दगडू म्हणून तुळशीचा चुलतभाऊ होता, त्यानं समुद्रावर बोट ठेवून विचारलं, हे निळं शेत कुणाचं?

तेवढ्यात महादू गुरव आला. देवळाची पूजाअर्चा त्याच्याकडे. त्यानं बघितलं आणि डोक्याला हात लावला. त्याचं म्हणणं असं, की नकाशा देवाच्या भिंतीवरचा, तो पायरीवर आला, या मुलांचे हात लागले. आता तो परत आत नेता येणार नाही. म्हणजे नकाशा बाटला. मी म्हणालो, अहो, अख्खा हिंदुस्थान आहे तो, त्यात बहिरोबाचं देऊळही आलं. हा मुद्दा त्याला पटला नाही.

पाटलांना बोलावणं गेलं. भाऊ पाटील हा मनानं वाईट माणूस नव्हता. त्याला भांडण नको असे, आणि भांडण नको असलेला माणूस बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे झुकतो. त्यानं निवाडा केला की नकाशा बाहेरच्या भिंतीला राहू दे, मुलं पूर्वीसारखी बसू देत. मला वाटलं, एवढं तरी मिळालं. पण बाहेरच्या भिंतीवरचा नकाशा चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी शाळेत आलो तर गुरवाची शेळी मद्रास इलाखा खाऊन म्हैसूर संस्थानात शिरली होती. उरलेलं मी ओढून काढलं, पण चिकटवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. वर लिहून नवा नकाशा मागितला. उत्तर आलं नाही.

आता हिरूकाकी. गावाच्या वरच्या अंगाला तिचं घर, एकटी विधवा बाई, चार एकर भात स्वतः पिकवायची. तिचं आणि महादू गुरवाचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. कारण असं, की तिची कोंबडी एकदा देवळात शिरून नैवेद्य टिपत होती, तेव्हा महादूनं दगड मारला आणि कोंबडीचा पाय मोडला. ती कोंबडी पुढं लंगडत जगली. ती समोरून गेली की हिरूकाकीला सगळं नव्यानं आठवे. गुरवाच्या शेळीनं शाळेचा नकाशा खाल्ला ही बातमी तिला कळली, तशी ती पदर खोचून देवळासमोर आली. गुरवाला काय ऐकवायचं ते सगळं ऐकवून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"गुरजी, माजं खळं मोकळं हाय," ती म्हणाली. "समद्या पोरांना घिऊन या. आमच्याबी अन् खालच्याबी. माज्या खळ्यावर कोन कुटं बसंल ते मी बगीन."

खळं म्हणजे भात झोडायची जागा. शेणानं सारवलेली, गुळगुळीत, सभोवती कुडाचं कुंपण. झोडणी पौषापर्यंत संपते, मग पावसाळ्यापर्यंत ती रिकामी. मी त्या रविवारी भिसेगावात खूप विचार केला, म्हणजे खरं तर खूप घाबरलो. शाळेची जागा बदलायला वरची परवानगी लागते. ती मागितली असती तर नकाशासारखंच झालं असतं. सोमवारी आलो आणि शाळा हलवली. फळा मी डोक्यावर घेतला. खडूची पेटी तुळशीच्या हातात दिली. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पेटीकडे, आणि ती दोन्ही हातांनी छातीशी धरून खळ्यापर्यंत चालत आली.

समाजसुधारणेच्या गोष्टींत भांडकुदळ माणसांना पुरेसं श्रेय मिळत नाही असं माझं मत आहे. साळवटला समता आली ती एका कोंबडीच्या मोडक्या पायामुळे. थोर विचार नंतर आले.

आली म्हणजे लगेच नाही. पहिल्या दिवशी खळ्यावर मुलं किती, तर बारा. पायरीखालची चार, आणि आणखी आठ ज्यांच्या घरी बातमी पोचली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पोचली आणि नऊ राहिली. एकशिक्षकी शाळेचा जीव हजेरीपत्रकात असतो. सरासरी हजेरी फार घसरली की शाळा बंद होते, मग मास्तर दुसरीकडे जातो आणि गाव पुन्हा कोरं राहतं. खोटी हजेरी लावणारे मास्तर मला माहीत होते. मीही एकदा पेन्सिल हातात घेतली होती. पण कुंपणापलीकडून पाटलाची माणसं डोकी मोजत असताना ते जमण्यासारखं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाटील स्वतः आला आणि मला बांधावर घेऊन गेला. ओरडला नाही. म्हणाला, "गुरजी, तुमी आज हितं, उद्या तुमची बदली. आमाला जल्मभर एकमेकांची तोंडं बगायची हायत." मी एवढंच म्हणालो की तुमच्या गणूला पाठवा, बाकीचं नंतर बघू. गणू त्याचा मुलगा, तिसरीतला. पाटील निघून गेला.

मुलं नऊ, नकाशा नाही, आणि परीक्षा अडीच महिन्यांवर. शिकवायला करायचं काय? एवढं मोठं सारवलेलं खळं समोर पडलेलं. मी चौथीला म्हणालो, नकाशा आपणच करू. पुस्तकात हाताच्या पंजाएवढा एक नकाशा होता. त्यावर चौकटी आखल्या, तशाच चौकटी खळ्यावर दोरीनं आखल्या, आणि चिखलाचा काठ घालत गेलो. वडिलांची मापाची पट्टी त्या कामी आली. आठ दिवस लागले. सह्याद्रीला काळे दगड, हिमालयाला पेंढ्यावर कालवलेला चुना, राजपुतान्याला ओढ्यातली वाळू. नद्या बोटानं कोरल्या आणि त्यांत कळशीनं पाणी सोडलं. गंगा पहिल्यांदा उलटी वाहिली. बंगालकडे उतार द्यायला विसरलो होतो. दगडूनं फावडं घेऊन दिल्ली चार बोटं उचलली, मग ती सरळ वाहायला लागली. उतार म्हणजे काय हे मी तोपर्यंत तीन वेळा फळ्यावर शिकवलं होतं आणि कुणाला कळलं नव्हतं.

हिरूकाकी रोज ओटीवरून देखरेख करायची. एकदा तिनं विचारलं, यात साळवट कुटं? मी भाताचा एक दाणा घेतला आणि मुंबईच्या जरा आत ठेवला. ती खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, गुरवाचं घर धरून एवढं, का सोडून?

राघो सुट्टीला आला तेव्हा तुळशीनं त्याला खळ्यावर आणलं. तो आधी कुंपणाबाहेरच उभा राहिला. हिरूकाकीनं आत बोलावलं, तेव्हा आत आला. त्यानं नकाशाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं की रेल्वे कुठं आहे. रेल्वे नव्हती. मग त्या बापलेकींनी बांबूच्या काड्या चिरून मुंबईपासून पुण्यापर्यंत रूळ घातले. शेलू, नेरळ, कर्जत असं एकेक ठाणं राघो सांगत होता आणि तुळशी तिथं खडा ठेवत होती. घाटाशी आल्यावर तो थांबला. हितं चढ हाय, म्हणाला, आणि काड्यांखाली माती दाबून तो चढ त्यानं बरोबर उचलून दिला.

आता मला सांगा, असलं काही चाललेलं असताना आठ-दहा वर्षांचं पोर घरी थांबेल? कुंपणाला रोज बाहेरून डोकी चिकटायची. मी मुद्दाम तिकडे बघत नसे. एका सकाळी मी मुलांना शहरं मांडायला सांगितली होती. एकानं कलकत्त्याचा खडा फार वर ठेवला आणि कुंपणाबाहेरून आवाज आला, "तितं नाय रं, खाली, खाली!" पाठोपाठ गणू पाटील कुंपणावरून आत पडला, उठला, आणि त्यानं कलकत्ता उचलून समुद्राजवळ आणून ठेवलं. त्याचं बरोबर होतं. घरी बसून तो पुस्तकातला नकाशा बघत होता हे त्यावरून कळलं. आपण कुठं उभे आहोत हे ध्यानात आल्यावर तो पळायला लागला, तर हिरूकाकी म्हणाली, "आलायस तर बस की रं आता." आणि तो बसला. कलकत्त्यातच बसला.

त्यावरून मला सुचलं. मी प्रत्येकाला एकेक शहर दिलं आणि शाळा भरली की आपापल्या शहरात बसायचं असा नियम केला. कोण कुणाशेजारी हा प्रश्नच मिटला. तुळशी नागपुरात, म्हणजे अगदी मधोमध. दगडू कराचीत, तेव्हा कराचीही आमच्याच खळ्यावर होती. मद्रासला जागा भरपूर, म्हणून तिथं सगळी बिगरी. गणू आला तसा पाटलाचा पुतण्या आला, मग त्याचे दोस्त आले. पाटलानं मुलाला मारलं असं ऐकलं, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कलकत्त्यात हजर होता. महिन्याभरात हजेरी सव्विसावर गेली. गुरवाच्या घरची दोन आणि आणखी तीन मुलं शेवटपर्यंत आली नाहीत.

आणि मग दिपोटीसाहेब आले. शाळा तपासणारा जो अधिकारी असे त्याला खेडोपाडी दिपोटी म्हणत. तपासणीला अजून अवकाश होता. पण मास्तरानं परवानगीशिवाय शाळा देवळाबाहेर काढली आणि गावात फूट पाडली, असा अर्ज गेला होता. साहेब खोपोलीपर्यंत गाडीनं, मग टांग्यानं आणि शेवटचे दोन मैल पायी, असे घामाघूम होऊन पोचले. जाडजूड देह, पांढरा कोट, हातात काळी छत्री. सगळं गाव कुंपणाशी जमलं होतं. पाटील पुढं, गुरव त्याच्या मागं. नोकरी गेली तर वडिलांना काय सांगायचं याचंच वाक्य मी मनात जुळवत होतो.

साहेबांनी आधी दगडाच्या पायाची खुर्ची तपासली आणि उभं राहणं पसंत केलं. मग हजेरीपत्रक पाहिलं. मग नकाशाच्या काठाशी आले. गणूला विचारलं, गंगा कुठं उगम पावते. गणूनं हिमालयात जाऊन कळशी ओतली आणि पाणी बंगालपर्यंत वाहत गेलं. साहेबांनी बूट ओले होऊ नयेत म्हणून ओरिसातून पाय मागं घेतला.

नंतर त्यांनी तुळशीला उभं केलं. "कर्जतेहून दिल्लीला जायचं आहे. कशी जाशील?"

तिनं क्षणभर विचार केला आणि चालायला लागली. कल्याणला गाडी बदलली. कसाऱ्याचा घाट चढली, भुसावळवरून पुढं गेली, नर्मदा आली तेव्हा झगा जरा उचलून ती ओलांडली आणि दिल्लीत जाऊन उभी राहिली. कुंपणाशी कुणीतरी हसलं. साहेबही हसले. मग त्यांनी चौथीला शुद्धलेखन घातलं, सहा ओळी. मुलं लिहून झाल्यावर एकेक पाटी त्यांच्या हातात देऊ लागली.

तुळशीची पाळी आली. ती पुढं आली, आणि इतक्या वर्षांची सवय, तिनं पाटी जमिनीवर ठेवली, साहेबांच्या दिशेनं सरकवली आणि चार पावलं मागं झाली.

मी खाली बघत होतो. ती सवय तिला कुणी लावली हे मला माहीत होतं, आणि ती मोडायला मी विसरलो होतो.

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी पाटी उचलली नाही. छत्री काखेत धरली आणि हात पुढं केला.

"मुली, पाटी उचल," ते म्हणाले, "आणि माझ्या हातात दे."

तुळशीनं बापाकडे पाहिलं. राघो रजा काढून आला होता, तो कुंपणाशी एका टोकाला उभा होता. ती पुढं आली, पाटी उचलली आणि त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती नीट वाचली. एक वेलांटी चुकली होती. स्वतःच्या हातानं पुसून त्यांनी ती दुरुस्त केली आणि पाटी परत तिच्या हातात दिली. सगळं मिळून एक मिनिट झालं असेल. पण साळवटमध्ये त्या एका मिनिटाबद्दल पुढं कितीतरी दिवस बोललं गेलं.

शेरेबुकात त्यांनी दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, मास्तरानं परवानगीशिवाय जागा बदलली, याबद्दल त्याला ताकीद. दुसरी, शाळा देवळात परत नेऊ नये, सर्व मुलं एकत्र बसवावीत, आणि पावसाच्या आत छप्पर करावं, न झाल्यास शाळा बंद करण्यात येईल. ताकीद माझ्या नोकरीच्या पुस्तकात कायमची राहिली. पुढं दर बढतीच्या वेळी कुणीतरी ती काढून दाखवायचं आणि मी दर वेळी जरा ताठ बसायचो.

छप्पर कोण करणार हा प्रश्न होता. साहेब गेल्यावर मी पाटलाकडे गेलो. तो ओटीवर बसला होता. कितीतरी वेळ तंबाखू मळत राहिला. मग विचारलं, सांगायचं सोडून कळशी ओतायची अक्कल गणूला कुणी दिली? मी म्हणालो, त्याची त्यालाच सुचली. पाटील म्हणाला, "आमच्या घरात आजवर कुनाला काय सुचलं न्हवतं." दुसऱ्या दिवशी त्याच्या बैलगाडीतून ऐनाचे बारा वासे आले. राघोनं आपल्या भावकीतली माणसं आणून खळ्याच्या कडेला खड्डे खणले. वरच्या वाडीतले ठाकर पेंढ्यानं छप्पर शाकारण्यात वाकबगार, त्यांनी दोन दिवसांत ते शाकारलं आणि जाताना म्हणाले की आमची पोरंबी येतील, फकस्त करवंदाच्या दिवसांत बोलवू नका. मी कबूल केलं. करवंदाच्या दिवसांत नाहीतरी सुट्टीच असते. महादू गुरव छप्पर घालायला आला नाही, पण त्यानं मुहूर्त काढून दिला. न मागता.

सगळंच गोड झालं असं मात्र लिहिणार नाही. नव्या शाळेत मुलं एकत्र बसली, पण पाण्याची मडकी दोन राहिली. ते मी रेटलं नाही. एवढं मिळालंय ते हातचं जाईल अशी भीती वाटायची. दुसरं मडकं हटायला आणखी दोन वर्षं लागली, आणि ते मी हटवलं नाही. एका उन्हाळ्यात ते फुटलं आणि मुलांनी नवं आणू दिलं नाही. दगडू चौथी पास झाला आणि बारा वर्षांचा होताच कामाला लागला. उतार ज्याला एका नजरेत कळत होता, त्या मुलाचं शिक्षण तिथंच थांबलं हे मला आजही सलतं.

तुळशी त्या वर्षी केंद्रात तिसरी आली. पण चौथीपुढची शाळा साळवटला नव्हती. राघोला कर्जतेजवळ रेल्वेची खोली मिळाली होती, तेव्हा आम्ही ठरवलं की तिला तिथं पाचवीत घालायचं, मी शिकलो होतो त्याच शाळेत. जून महिन्यात मी, राघो आणि तुळशी असे तिघं गेलो. हेडमास्तर माझेच गुरुजी. त्यांनी माझी पाठ थोपटली, दाखला पाहिला, मार्कांचं कौतुक केलं. आणि मग सहज म्हणाले, नाव घालतो, बसायची सोय मात्र मागच्या व्हरांड्यात करावी लागेल. पालक कुरकुर करतात. वर्षभरानं बघू.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सरकारी हुकूम, साहेबांचा शेरा, सगळं मला तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात राघोनं माझ्या दंडाला हात लावला. त्यानं मला हात लावल्याची ती पहिलीच वेळ.

"गुरजी, तुमी ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हे आता मी बोलतो."

मग तो हेडमास्तरांकडे वळला. आवाज चढला नाही. त्यानं सांगितलं की माझी रुळाची फेरी तुमच्या शाळेच्या मागनंच जाते. रोज दुपारी मी हितं येईन, त्या खिडकीपाशी हुबा राहीन, पोरगी कुटं बसलीय ते बगीन आणि कामावर जाईन. दुसरं काय करनार नाय. रोज येईन मात्र.

हेडमास्तरांनी दौत पुढं ओढली आणि नाव लिहिलं. तुळशी पाचवीच्या वर्गात, मुलींच्या दुसऱ्या बाकावर बसली. मी एकटाच साळवटच्या वाटेला लागलो. मनातून जरा हिरमुसलो होतो हे कबूल करतो, इतकं तयार केलेलं भाषण वाया गेलं होतं. पण ओढा ओलांडेपर्यंत मला हसू यायला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत हेडमास्तर मला बाजारात भेटले. मी विचारलं, राघो येतो का. ते म्हणाले, "अरे, एक दिवस चुकला नाही. पावसात गोणपाट डोक्यावर घेऊन उभा असायचा. शेवटी मीच एकदा बाहेर गेलो. म्हटलं, बाबा, भिजू नकोस, आत येऊन बस."

"मग? आला आत?"

"नाही," हेडमास्तर म्हणाले. "म्हणाला, मला बगायचं ते हितनं दिसतंय."